कॅमेऱ्याची चाळिशी

चाळिशी म्हणजे काय, हें कोणत्याही घरांत समजावून सांगावें लागत नाहीं. वयाचीं चाळीस वर्षें उलटलीं कीं वर्तमानपत्र डोळ्यांपासून हळूहळू दूर जाऊं लागतें. आणि पुढें हातही पुरेनासा झाला, म्हणजे माणूस चष्मेवाल्याचें दुकान गांठतो. तेथून एक, दीड किंवा दोन नंबरचीं भिंगें घेऊन तो परततो आणि पुन्हां सुईंत दोरा ओवूं लागतो. मनुष्याला ही अडचण उतारवयांत येते. कॅमेऱ्याला ती जन्मतःच असते. दूरचा डोंगर, समोरचें देऊळ, अंगणांत उभी राहिलेली मंडळी हें सर्व त्याला उत्तम दिसतें. परंतु हातभर अंतरावरचें फूल मात्र त्याला दिसत नाहीं. त्यासाठीं त्यालाही चाळिशी द्यावी लागते. आजच्या भाषणाचा विषय ही चाळिशी आहे.

बाजारांत तिला ‘क्लोज-अप फिल्टर’ म्हणतात. हें नांव थोडें फसवें आहे. फिल्टर म्हणजे गाळणी. पिवळा फिल्टर निळ्या प्रकाशाला अडवितो, तांबडा फिल्टर निळ्या-हिरव्याला अडवितो. हें भिंग कांहींच अडवीत नाहीं. फिल्टरसारखेंच तें कॅमेऱ्याच्या भिंगापुढें बसवितां येतें, एवढ्यावरूनच त्याला हें नांव मिळालें. वस्तुतः तें चष्म्याच्या भिंगाचें सख्खें भावंड होय, आणि त्याची शक्तिही चष्म्याच्याच मापानें, म्हणजे डायॉप्टरनें, मोजतात. फेर्दिनां मोन्वाये या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ मध्यें हें माप सुचविलें. त्याचें गणित शाळकरी मुलालाही जमेल इतकें सोपें आहे. एक मीटरला नंबरानें भागावें, म्हणजे त्या भिंगाचें नाभ्यंतर मिळतें. एक नंबरचें नाभ्यंतर १ मीटर, दोन नंबरचें ५० सेंटिमीटर, तीन नंबरचें सुमारें ३३ सेंटिमीटर.

आतां या भिंगाची युक्ति पाहा. दोन नंबरच्या भिंगापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर एक फूल ठेवलें, तर फुलापासून निघालेले किरण भिंगांतून पलीकडे जातांना समांतर होतात. समांतर किरण फार दूरच्या वस्तूंपासून येतात, एवढेंच कॅमेऱ्याला ठाऊक. म्हणून कॅमेरा अनंत अंतरावर, म्हणजे डोंगरासाठीं, लावून ठेवलेला असला, तरी अर्ध्या मीटरवरचें फूल त्याला लखलखीत दिसतें. आपण जवळ आलों आहोंत, याचा कॅमेऱ्याला पत्ताच नसतो.

हें सारें पुस्तकांत वाचतांना फार सोपें वाटतें. प्रत्यक्षांत तें किती सोपें आहे, हें पुण्यांतील एका कुटुंबाच्या हकीकतीवरून ध्यानांत येईल.

या घरांत पंचाऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वीं त्यांनीं माहेराहून ब्रह्मकमळाचें एक पान आणलें आणि कुंडींत खोंचलें. आपल्याकडे घरोघरीं ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, तो मुळांत मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. हिमालयांतलें ब्रह्मकमळ तें निराळें. परंतु नांवाचा वाद बाजूला ठेवला, तर या फुलाची शोभा कोणीही मान्य करील. पावसाळ्यांतल्या एखाद्या रात्रीं नऊच्या सुमारास कळी हलूं लागते, मध्यरात्रीं वीतभर रुंद पांढरें फूल पूर्ण उमलतें, सगळीकडे गंध दरवळतो, आणि उजाडतां उजाडतां फूल मान टाकतें. आजींचें झाड वाढत वाढत गच्चीवर गेलें. कुंडी दोघांनाही उचलेना एवढी जड, फांद्या कठड्याला बांधलेल्या. इकडे आजींचे गुडघे थकले आणि दोन जिने चढणें बंद झालें. फूल तोडून खालीं आणावें, असें कोणी सुचविलें, तर त्या साफ नाहीं म्हणत. “एका रात्रीचं तर आयुष्य त्याचं, तेंही तोडायचं?” असा त्यांचा प्रश्न असे. घरच्यांनीं मोबाइलवर काढलेलीं चित्रें त्यांना दाखविलीं. पण त्या लहान चकचकीत पडद्यावर त्यांच्या अधू दृष्टीला एक पांढरा डाग तेवढा दिसे.

त्यांचा नातू बँकेंत नोकरी करतो. आजोबांच्या मागें त्यांच्या कपाटांत एक रोलायफ्लेक्स कॅमेरा राहिला होता. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांनीं १९२९ मध्यें हा कॅमेरा प्रथम बाजारांत आणला. त्याला दोन डोळे असतात, एकावर एक. वरच्या डोळ्यानें छायाचित्रकार पाहतो, खालचा डोळा चित्र घेतो. आजोबांच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचें नाभ्यंतर ७५ मिलिमीटर होतें. त्यांत १२० क्रमांकाची फिल्म बसते. कोडॅकनें १९०१ मध्यें काढलेली ही रुंद, पाठीला कागद लावलेली फिल्म आजही बनते. तिच्यावर चौरस चित्रें बाराच निघतात. पण प्रत्येक चित्राची बाजू सुमारें ५६ मिलिमीटर असल्यामुळें तें मोठें केलें तरी त्यांतला बारकावा टिकतो. आजींना दिसेल एवढें मोठें चित्र आजोबांच्याच कॅमेऱ्यानें काढावें, असें नातवानें मनांत घेतलें. कॅमेऱ्याजवळ चामड्याच्या लहानशा पिशवींत दोन भिंगें निघालीं. एक पातळ, एक जाड. तीं ‘रोलायनार’ या नांवाचीं दोन नंबरचीं भिंगें होतीं.

हा कॅमेरा एरवीं सुमारें एक मीटरच्या अलीकडे पाहत नाहीं. त्या अंतरावर चित्रांत सुमारें सत्तर सेंटिमीटर रुंदीचा देखावा मावतो. त्यांत वीतभर फूल हरवून जातें. दोन नंबरचें रोलायनार लावलें, म्हणजे ५० पासून ३१ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातां येतें, आणि अगदीं जवळ गेल्यावर देखाव्याची रुंदी सुमारें तेवीस सेंटिमीटर उरते. म्हणजे ब्रह्मकमळासाठीं हें भिंग जणूं बेतूनच केलेलें.

पहिल्या वर्षीं नातू रात्रीं बारा वाजतां गच्चीवर गेला, दोन्ही भिंगें दोन डोळ्यांवर चढविलीं, आणि बाराही चित्रें घेऊन खालीं आला. आठ दिवसांनीं फिल्म धुवून आली, तेव्हां त्यांतलें एकही चित्र आजींना दाखविण्याजोगें नव्हतें. सर्व चित्रांत फुलाचा वरचा भाग चौकटीबाहेर गेला होता. पुढच्या एका पाकळीचें टोक तेवढें स्पष्ट, बाकी सारें धुकें. आणि पाकळ्या इतक्या पांढऱ्याफेक उतरल्या होत्या, कीं त्यांच्यावरची एकही शीर दिसत नव्हती. फूल तर गेलें होतें. त्या वर्षीं झाडाला दुसरी कळी आली नाहीं. आजींनीं विचारलें, “चित्रं आलीं का रे?” नातवानें सांगितलें, “पुढच्या वर्षीं, आजी.” पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वर्षीं’ म्हणून सांगणें किती कठीण जातें, तें त्याला त्या दिवशीं कळलें.

येथून त्याच्या खऱ्या प्रयोगांना आरंभ झाला. त्यानें एक वही केली आणि एक नियम घालून घेतला, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि तिची नोंद तत्क्षणीं करावयाची. फिल्म महाग, धुलाई महाग, आणि चूक झाली कीं नाहीं, तें लगेच दिसत नाहीं. म्हणून बाराही चित्रांनीं प्रत्येकीं कांहींतरी शिकविलेंच पाहिजे, असा त्यानें हिशेब धरला.

पहिला दोष चौकटीचा. रोलायफ्लेक्सचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारें चार सेंटिमीटर अंतरावर असतात. समोर डोंगर असेल, तर चार सेंटिमीटरांचें काय एवढें? पण चौकटच जेथें तेवीस सेंटिमीटरांची, तेथें चार सेंटिमीटर म्हणजे सहावा हिस्सा झाला. वरचा डोळा फुलाला मध्यभागीं पाहतो, खालचा त्याच्याखालचें पाहतो, आणि फूल चित्राच्या वरच्या कडेकडे सरकतें. या दोषाला पॅरॅलॅक्स म्हणतात. तो काढण्यासाठींच वरच्या डोळ्याचें भिंग जाड केलेलें असतें. त्यांत पाचरीसारखा एक लोलक असतो आणि तो वरच्या डोळ्याची नजर किंचित् खालीं वळवितो. त्या भिंगाच्या कडेवर एक तांबडा ठिपका असतो. तो ठिपका वर आला, तरच पाचर योग्य बाजूनें बसते. नातवाच्या हातून तो खालीं राहिला होता. त्यामुळें चूक कमी न होतां जवळजवळ दुप्पट झाली. एवढासा ठिपका, पण त्याच्याकडे न पाहिल्यामुळें एक वर्ष गेलें.

ज्यांच्या कॅमेऱ्याला अशी पाचर नसेल, त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, वरच्या डोळ्यानें चौकट व स्पष्टता जुळवावी, आणि चित्र घेण्यापूर्वीं दोन डोळ्यांतल्या अंतराएवढा संपूर्ण कॅमेरा सरळ वर उचलावा. मग खालचा डोळा वरच्याच्या जागीं येतो. हासेलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांत तर हा प्रश्न उद्भवतच नाहीं. कारण तेथें चित्र घेणाऱ्या भिंगांतूनच पाहावयाचें असतें. उलट जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांत जवळचें कांहींच नेमकें पाहतां येत नाहीं. तेथें मोजपट्टीनें किंवा गांठी मारलेल्या दोरीनें भिंगापासून वस्तूपर्यंतचें अंतर मोजावें लागतें.

दुसरा दोष धुक्याचा. याचा शोध घेण्यासाठीं त्यानें टेबलावर एक मोजपट्टी तिरपी ठेवली, तिच्या मधल्या आंकड्यावर स्पष्टता जुळविली, आणि छिद्र लहान लहान करीत चित्रें घेतलीं. ३.५ हें सर्वांत मोठें छिद्र. त्या छिद्राशीं पट्टीवरचा जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट होता. म्हणजे एका बोटाची जाडीही नव्हे. १६ या लहान छिद्राशीं तोच पट्टा सुमारें साडेतीन सेंटिमीटरांचा झाला. दूरच्या देखाव्यांत ही खोली कित्येक मीटर असते. जसजसें जवळ जावें, तसतशी ती झपाट्यानें आटते. त्यांतून मोठ्या फिल्मवर चौकट भरावयाची, तर प्रतिमाही मोठी पाडावी लागते, म्हणून लहान फिल्मच्या मानानें ही अडचण येथें अधिकच. गेल्या वर्षीं अंधार म्हणून त्यानें छिद्र पूर्ण उघडलें होतें आणि स्पष्टता जुळविली होती पुढें झुकलेल्या पाकळीवर. मग फुलाचा गाभा धुक्यांत बुडाला, यांत नवल तें काय?

याच प्रयोगाला जोडून त्यानें भिंतीवर वर्तमानपत्राचें एक पान सपाट चिकटविलें आणि त्याचींही चित्रें घेतलीं. मोठ्या छिद्राशीं मधलीं अक्षरें वाचतां येत होतीं, पण चारी कोंपऱ्यांतलीं फिसकटलेलीं होतीं. एकेरी कांचेचा हा स्वभावच आहे. तिची स्पष्टता सपाट पृष्ठावर पडत नाहीं, आणि निरनिराळे रंग ती निरनिराळ्या ठिकाणीं एकत्र आणते. दोन प्रकारच्या कांचा जोडून रंगांचा हा दोष काढतां येतो. लंडनच्या जॉन डॉलंडनें १७५८ मध्यें अशा जोडभिंगाचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वावर केलेलीं दुहेरी क्लोज-अप भिंगेंही मिळतात. तीं महाग असतात, पण कामाला चोख. एकेरी भिंगच हातीं असेल, तर छिद्र ८ किंवा त्याहून लहान ठेवावें, म्हणजे कोंपरे बरेच सुधारतात. मात्र छिद्र लहान करण्यालाही मर्यादा आहे. २२ शीं सगळेंच चित्र किंचित् मऊ झाल्याची नोंद वहींत आहे. फार बारीक छिद्रांतून जातांना प्रकाश पसरतो, हें त्याचें कारण. दोन भिंगें एकावर एक चढवून नंबरांची बेरीज करतां येते; एक आणि दोन मिळून तीन. अशा वेळीं मोठ्या नंबराचें भिंग कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवावें. तिसरें चढविण्याचा मोह मात्र टाळावा.

तिसरा दोष पाकळ्यांच्या पांढरेफेकपणाचा. जवळून चित्र घ्यावयाचें तर प्रकाश जास्त द्यावा लागतो, असें कोणीतरी नातवाला सांगितलें होतें, आणि त्यानें तो चौपट दिला होता. सांगणाऱ्याचें बोलणें खोटें नव्हतें. तें दुसऱ्या उपायाला लागू होतें. कॅमेरा आणि त्याचें भिंग यांच्यामध्यें नळी किंवा भाता घालून भिंग पुढें सरकविलें, तरीही जवळचें दिसतें. पण मग फिल्मपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां प्रकाश पसरून मंद होतो. वस्तु आणि तिची फिल्मवरील प्रतिमा एकाच मापाची झाली, तर चौपट प्रकाश द्यावा लागतो. क्लोज-अप भिंगांत भिंग व फिल्म यांतलें अंतर जवळजवळ बदलतच नाहीं. म्हणून मीटर सांगेल तोच प्रकाश पुरतो. चाळिशी लावली म्हणून दिव्याची वात वाढवावी लागत नाहीं, तसेंच हें. नातवानें वर्तमानपत्राचींच दोन चित्रें, एक भिंग लावून व एक न लावतां, सारख्याच प्रकाशांत घेतलीं. दोन्हींचा काळेपणा सारखा उतरला, आणि शंका फिटली.

असें करतां करतां चार फिल्मा संपल्या. वहीचीं पानें भरलीं. दुसऱ्या वर्षींच्या पावसाळ्यांत आजींच्या झाडाला एकच कळी धरली.

या खेपेस तयारी निराळी होती. दुपारींच तिपाई गच्चीवर मांडून झाली. तांबडा ठिपका वर आहे, हें दोनदां पाहून झालें. कळी उमलूं लागली, तेव्हां त्यानें सर्व बाजूंनीं फिरून तिचें निरीक्षण केलें. साडेतीन सेंटिमीटरांत सगळें फूल मावणार नाहीं, हें आतां त्याला ठाऊक होतें. मग काय राखावयाचें आणि काय सोडावयाचें, तें आधींच ठरविणें भाग होतें. त्यानें किंचित् बाजूची जागा निवडली. तेथून फुलाचा चांदणीसारखा पांढरा कुक्षीचा तुरा, त्याभोंवतालचे केसर आणि पाकळ्यांची एक संपूर्ण कड फिल्मशीं समांतर येत होती. स्पष्टता त्यानें त्या चांदणीवर जुळविली. इतक्या जवळच्या कामांत स्पष्टतेची खोली पुढें-मागें जवळजवळ सारखी वांटली जाते, हेंही मोजपट्टीनें त्याला शिकविलें होतें. मागच्या पाकळ्या त्यानें समजून उमजून सोडून दिल्या.

दिवा एका बाजूला, सुमारें एक मीटरवर ठेवला. छिद्र १६. मीटरनें आठ सेकंद सांगितले. परंतु कांहीं सेकंदांहून लांबलेल्या प्रकाशांत फिल्म मंदावते आणि मापापेक्षां अधिक वेळ मागते. तिच्या कोष्टकावरून त्यानें चौदा सेकंद दिले. वाऱ्यानें फूल हलूं नये, म्हणून त्याची बहीण चादर धरून उभी होती. तारेच्या बटणानें शटर उघडलें आणि दोघांनीं श्वास रोखून चौदा आंकडे मोजले. रात्रीं साडेबारापर्यंत बारा चित्रें झालीं. पहाटे फूल मिटलें.

बारांपैकीं चार चित्रें चांगलीं आलीं. तीन वाऱ्यानें गेलीं, एकांत हाताचा धक्का लागला, बाकीचीं ठीकठाक. चारांतलें उत्तम निवडून नातवानें तें तीस सेंटिमीटर चौरस कागदावर मोठें करून घेतलें. त्यांत फूल प्रत्यक्षाहून थोडें मोठेंच झालें होतें. केसरांचा एकेक तंतु मोजतां येत होता, आणि पाकळीच्या शिरा पाण्यावरच्या रेषांसारख्या दिसत होत्या.

या हकीकतीवरून हौशी माणसानें काय घ्यावें? क्लोज-अप भिंग ही कॅमेऱ्याच्या साहित्यांतली अगदीं स्वस्त वस्तु. म्हणूनच कीं काय, पुष्कळजण तें विकत घेतात, एक फिल्म बिघडवितात, आणि भिंग वाईट म्हणून पेटींत टाकतात. भिंग सहसा वाईट नसतें. जवळ जाण्याची एक किंमत असते. तेथें चार सेंटिमीटरांची चूक मोठी होते, खोली आटते, कडा ढळतात. ही किंमत किती, तें ज्यानें पट्टी ठेवून एकदां मोजलें, त्याला तें साधें भिंग वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें साथ देतें. न मोजतां जवळ जाणाऱ्याची मात्र निराशाच होते. आणि ज्या फुलाला एकच रात्र आहे, किंवा ज्या माणसापाशीं वाट पाहण्याइतकीं वर्षें उरलेलीं नाहींत, त्यांच्यासाठीं हें मोजमाप आधींच करून ठेवावें लागतें.

चित्र घरीं आलें, तेव्हां आजी खिडकीशीं बसल्या होत्या. त्यांनीं चष्मा पदरानें पुसला, डोळ्यांवर चढविला, आणि चित्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलें. बोट एकेका पाकळीवरून फिरलें. मग म्हणाल्या, “मागच्या पाकळ्या धुरकट आल्यात रे.”

नातवानें त्यांना साडेतीन सेंटिमीटरांचा हिशेब सांगितला. तो त्यांनीं लक्ष देऊन ऐकला, मान हालविली आणि चित्र नाकाजवळ नेलें.

“सगळं आलंय,” त्या म्हणाल्या, “वास तेवढा राहिला.”